दहावीच्या वर्गातच सांगा, सर : सीमाभागातल्या मराठी हायस्कूलांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या हायस्कूलांचे मुख्याध्यापक व दहावीचे वर्गशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या घरी आले. आमच्याच पश्चिम भागातले, राताळ्याच्या गावचे. वेल लावून सरळ रानातून आलेले, विजारीवर तांबड्या मातीचे डाग तसेच. मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे दाखले आणि वहीचा एक कागद. कागदावर नऊ इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं. दुसऱ्या दिवशी केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) ऑप्शन एंट्री, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत, बंद होणार होती आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं, "हा क्रम बरोबर हाय काय, बघा की."

क्रम कुणी लावला म्हणून विचारलं. ओळखीच्या एका माणसानं, तो अशी कामं करतो म्हणे. मुलीचा रँक चांगला होता, पीयूसीला (इथली अकरावी-बारावी) गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव. पहिलीपासून दहावीपर्यंतची शाळा गावातलीच, मराठी माध्यमाची. मी तिला म्हटलं, बाळ, तुला स्वतःला कुठं जावंसं वाटत होतं? ती वडिलांकडं बघत म्हणाली, "सांगलीच्या वालचंदला. पण ते महाराष्ट्रात. आपल्याला कुठलं मिळायला?"

त्या शाखेचा आधीच्या वर्षीचा कटऑफ काय होता हा वेगळा प्रश्न, पण अर्ज करण्याचा हक्क तिला पूर्ण होता. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या नियमांत उमेदवारांचे ए, बी, सी असे प्रकार केलेले असतात. त्यातला 'ई' हा प्रकार आपल्यासाठीच आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात राहणारा, मातृभाषा मराठी असलेला, आणि दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या अथवा महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर तिथल्या जागांसाठी उभा राहू शकतो. त्यासाठी दोन दाखले ठरावीक नमुन्यात लागतात, एक रहिवासाचा आणि एक मातृभाषा मराठी असल्याचा. आणि एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा दिलेली असावी लागते. त्या परीक्षेचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, ती परीक्षा उन्हाळ्यात होऊन जाते. ही मुलगी माझ्याकडं आली ती पावसाळ्यात.

मी हे सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमास्नी कोण सांगितलंच न्हाई, सर."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. पीयू कॉलेजांना लिहावं असं आधी वाटलं होतं. पण शहरातल्या पीयू कॉलेजात एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, ती चाळीस गावांतून आलेली. कुणाच्या घरी कुठली भाषा आहे, कुणाचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या त्या ८६५ गावांत येतं, हे तिथल्या लेक्चररना कसं कळावं? आपल्याला ते ठाऊक असतं. मुलाचा बाप कुठं कामाला जातो, घरात शिकलेलं कोण आहे, मुलीला बाहेरगावी पाठवतील की नाही, हे वर्गशिक्षकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय दहावी ही शेवटची जागा, जिथं आपली मुलं एका वर्गात, मराठीतून, ओळखीच्या माणसासमोर बसलेली असतात. त्यानंतर ती पांगतात.

आणखी एक कारण आहे. इंजिनिअरिंगचं कॉलेज बारावीनंतर निवडतात असं आपण धरून चालतो. आपल्या भागात ती निवड दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत अर्धी होऊन गेलेली असते. बारावी कुठून करायची हे ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी काही दारं उघडतात आणि काही बंद होतात.

एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं, बघा. जेईई मेनवरून मिळणाऱ्या एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, आणि मुलगा कुठल्या राज्याचा हे त्याच्या रेशन कार्डावरून ठरत नाही, त्यानं बारावी ज्या राज्यातून केली त्यावरून ठरतं. बेळगावात पीयूसी केली तर सुरतकलच्या एनआयटीत तो घरचा. कोल्हापूरला किंवा गडहिंग्लजला बारावी केली तर सुरतकलला परका आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत घरचा. धारवाडची आयआयटी २०१६ पासून आपल्या दारात उभी आहे, बेळगावहून दीड-दोन तासांवर, पण आयआयटीत राज्याचा असा वाटा नसतो. तिथं सगळ्या देशाबरोबर स्पर्धा, दार जवळ असलं तरी.

कर्नाटकच्या सीईटीचं गणित निराळं. मुलानं कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण घेतलेलं हवं, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण हवी. म्हणजे आपल्या शाळेत दहावीपर्यंत शिकून जो मुलगा बारावीसाठी चंदगडला किंवा कोल्हापूरला जातो, त्याचा कर्नाटकातला हक्क बुडत नाही. कितीतरी पालकांना तो बुडतो असं वाटतं, आणि त्या भीतीनं ते निर्णय घेतात. उलटही होतं: बारावी महाराष्ट्रातून केली नाही तर महाराष्ट्राचं दार बंद, असं समजून मुलांना ओळख ना पाळख अशा गावी अकरावीला नेऊन टाकतात. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्ही मी गेल्या तीन-चार वर्षांत शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत.

अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकानंही 'गडिनाडू' म्हणून असंच दार ठेवलेलं आहे. सीमेवर राहणाऱ्या मुलांचं काही नुकसान होऊ नये एवढा विचार दोन्ही राज्यांनी केला. राजकारणाचं जे व्हायचं ते होवो, १९५६ पासून ते चालूच आहे. पण आपल्या मुलांना एकाच वेळी दोन राज्यांच्या दारांत उभं राहण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो आपल्या वर्गात सांगितलाच जात नाही याचं मला फार दुःख होतं.

दोन दारं म्हणजे दोन परीक्षा, हेही पालकांना आधी कळायला हवं. केसीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स, प्रत्येकी साठ गुणांचा पेपर. इंजिनिअरिंगच्या रँकसाठी सीईटीचे निम्मे आणि पीयूसीच्या त्या तीन विषयांचे निम्मे असे गुण धरतात. म्हणून इथल्या मुलाला पीयूसी बोर्डाकडं दुर्लक्ष करून चालत नाही. एमएचटी-सीईटी दोनशे गुणांची, त्यात एकट्या गणिताचे शंभर, आणि ती महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, जास्त भर बारावीवर. आपली पीयूसीची पुस्तकं एनसीईआरटीची. बराचसा भाग सारखा आहे, पण सगळा नाही. निगेटिव्ह मार्किंग दोन्हीत नाही. कोल्हापुरातून महाराष्ट्र बोर्डाची गणित आणि फिजिक्सची पुस्तकं आणून पहिल्या पीयूसीपासूनच शेजारी ठेवली तर मुलाला जड जात नाही. शेवटच्या महिन्यात ठेवली तर जातं. खासगी कॉलेजांतल्या आणखी काही जागा कॉमेड-केच्या परीक्षेवरून भरतात, तिथली फी जास्त असते. एवढं सांगितलं तरी ते पुरे.

कागदांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण खरी माती इथं होते. आपल्या मुलांची नावं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी असतात. आधारवर आडनाव शेवटी, शाळेच्या रजिस्टरात वडिलांचं नाव मधे, जातीच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत येताना एक अक्षर बदललेलं. दहावीच्या मार्क्सकार्डावर जे छापलं जातं तेच पुढं आयुष्यभर चालतं, आणि ते आपल्या ऑफिसातून जातं. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळतो, त्यावरचा आरडी नंबर केईएच्या अर्जात घालावा लागतो. नाव जुळलं नाही तर सगळं अडतं, आणि मे-जूनच्या गर्दीत नाडकचेरी आणि तहसीलदार ऑफिसच्या फेऱ्यांत बापाचा आठवडाभराचा रोजगार जातो. दहावीच्या सहामाहीलाच एकदा आधार, शाळेचं रजिस्टर आणि दाखला शेजारीशेजारी ठेवून बघितलं तर हे दुखणं मुळातच उरणार नाही.

ग्रामीण कोट्याचंही तसंच. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेल्या मुलांना केईएत वेगळा वाटा आहे. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्या मुलांना मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातून एक गैरसमज असा पसरला आहे की मराठी माध्यमाला काहीच मिळत नाही. ग्रामीण कोट्याला माध्यमाची अट नाही. गावच्या शाळेत दहा वर्षं पुरी झाल्याचा दाखला आपण द्यायचा, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही घ्यायची. केईएच्या कटऑफच्या तक्त्यात जीएमच्या (खुल्या गटाच्या) शेजारी जीएमआर, थ्री-बी-जीच्या शेजारी थ्री-बी-आर असे रकाने असतात, त्यातला शेवटचा 'आर' हा ग्रामीणचा. एकाच कॉलेजात, एकाच शाखेत या दोन रकान्यांतल्या रँकमध्ये केवढं अंतर असतं ते एकदा पालकांना दाखवा, कुणीही तो दाखला विसरणार नाही. कर्नाटकात मराठा समाज थ्री-बी या मागास प्रवर्गात येतो. तोच दाखला महाराष्ट्रात तसाच चालेल असं मात्र कुणी धरून चालू नये, त्या राज्याचे प्रवर्ग आणि नियम वेगळे आहेत.

आणि फीमाफीच्या जागा. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर पाच टक्के जास्तीच्या जागा अशा असतात, ज्यांत वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलाची ट्यूशन फी माफ होते. हा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, नियम आहे. केईए त्यांना एसएनक्यू म्हणते. आमच्या गावात गेल्या वर्षी तीन मुलं या उत्पन्नात बसत होती. तिघांपैकी एकानंही तो पर्याय भरला नव्हता.

आता कॉलेज कसं बघायचं. इथं माझं स्वतःचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मी २००३ साली इंजिनिअरिंगला गेलो. बाबा उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत मोल्डर होते, घरी थोडं रान आणि चार म्हशी. त्यातल्या दोन विकून पहिल्या वर्षाची फी भरली. कॉलेज कुठलं हे लिहीत नाही, त्याची आता गरज नाही. आम्ही ते बघायला गेलो तेव्हा आम्हाला बाग दाखवली, ऑफिसात चहा दिला, भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो दाखवले. वर्कशॉप दाखवायला कुणी नेलं नाही आणि ते मागावं हे बाबांना सुचलं नाही. खरं तर बाबांची सगळी हयात वर्कशॉपात गेली होती, त्यांनी एक नजर टाकली असती तरी त्यांना कळलं असतं. तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला मटेरियल सायन्सला शिक्षकच नव्हता. लॅबमधलं टेस्टिंग मशिन प्लॅस्टिकच्या कव्हरात होतं, ते कव्हर मी चार वर्षांत दोनदा निघालेलं पाहिलं. ओतकाम मी शिकलो ते कॉलेजात नाही, दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर जाऊन शिकलो. बाबांना वाटायचं, आपण पोराला त्या भट्टीपासून लांब पाठवलं. त्यांनी कष्टानं कमावलेले पैसे कुठं जातात हे आम्हा दोघांनाही त्या पहिल्या दिवशी विचारता आलं नाही, ही गोष्ट मला अजून लागते.

म्हणून आपल्याला विनंती आहे, पालकांना सांगा की कॉलेज आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीन वाजता बघायला जा. प्रॅक्टिकलची तीच वेळ असते. लॅबमध्ये मुलं मशिनवर उभी आहेत की जर्नल उतरवत बसली आहेत, हे न शिकलेल्या माणसालाही दारातून दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कँटीनमध्ये बाजूला घेऊन विचारा, गेल्या सेमिस्टरला कुठल्या विषयाला शिक्षक मधेच सोडून गेला? तुमच्या वर्गातल्या किती जणांचे विषय राहिले? उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या कॉलेजांत मराठी बोलणारी मुलं सापडतातच, ती खरं सांगतात.

कागदावरचं दोन ठिकाणी बघायचं. एनबीए ही इंजिनिअरिंगच्या शाखांचा दर्जा तपासणारी संस्था. तिची मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असेल आणि नव्या एखाद्या शाखेला नसेल. ती ठरावीक वर्षांसाठी असते, म्हणून मुदत कधी संपते तेही बघावं लागतं. नॅक या दुसऱ्या मूल्यांकन संस्थेची श्रेणी मात्र सगळ्या कॉलेजची. फलकावर 'मान्यताप्राप्त' एवढंच लिहिलेलं असलं तर कशाला मान्यता, हे विचारायचं. दुसरं म्हणजे एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजनं आपल्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी, फी, मंजूर जागा हे सगळं जाहीर करायचं असतं. ज्या शाखेत जायचं तिची शिक्षकांची यादी काढायची आणि जागांशी ताडून बघायची. एआयसीटीईचं प्रमाण वीस मुलांमागं एक शिक्षक असं आहे. चांगल्या चाललेल्या कॉलेजांवरची शाखेच्या जागांची मर्यादा २०२४ पासून उठली आणि कॉम्प्युटरच्या, एआयच्या, डेटा सायन्सच्या जागा भराभर वाढल्या. जागा एका वर्षात वाढवता येतात, शिकवणारी माणसं एका वर्षात तयार होत नाहीत. म्हणून वाढलेल्या शाखेची यादी जास्त बारकाईनं बघायची.

नोकऱ्यांचं विचारताना सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नये. ते एकाच मुलाचं असतं. आपल्या मुलाच्या शाखेतून गेल्या वर्षी किती जणांनी नाव नोंदवलं, किती जणांना ऑफर आली, आणि सगळ्यांचे पगार ओळीनं लावले तर मधल्या मुलाचा किती, हे विचारायचं. उत्तर लगेच मिळालं तर बरं. 'नंतर सांगतो' म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं.

शाखेबद्दल माझं मत मी लपवत नाही. ज्याला कॉम्प्युटरची खरी ओढ आहे त्यानं जरूर जावं. पण निम्मी मुलं ती शाखा घेतात कारण शेजारच्यानं घेतली. आपण बेळगावात राहतो. फाउंड्री, मशिन शॉप, हायड्रॉलिक पंप-व्हाल्व्हचे कारखाने, हत्तरगीच्या सेझमध्ये विमानाचे सुटे भाग बनतात, हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना आहे. मेकॅनिकलच्या मुलाला याच्याइतकी चांगली शाळा कुठं मिळणार? १९७९ साली सुरू झालेली गोगटे आणि केएलईची दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजं उद्यमबागेतच आहेत, चालत पाच-दहा मिनिटांवर ओतकाम चालू असतं. १९९८ साली सुरू झालेल्या व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकच्या तंत्रविद्यापीठाचं, मुख्यालयही आपल्या मच्छेत. मी आमच्या कारखान्यात नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो. ड्रॉइंग समोर ठेवतो आणि विचारतो, या भोकाला एवढा बारीक टॉलरन्स (मापातली सूट) कशासाठी दिला असेल? गेल्या खेपेला सगळ्यात नेमकं उत्तर ज्या मुलानं दिलं तो मोठ्या नावाच्या कॉलेजचा नव्हता. तो दोन वर्षं संध्याकाळी एका जॉब शॉपमध्ये जात होता. त्याच्या उत्तराला अनुभवाचा वास होता, आम्ही त्याला घेतलं.

महाराष्ट्रात जाणाऱ्या मुलांसाठी जवळचे पर्यायही थोडे नाहीत. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं, पुण्याचं सीओईपी तर १८५४ पासूनचं. कोल्हापुरात केआयटी आणि कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, इचलकरंजीला डीकेटीई, ज्याला टेक्स्टाइलमध्ये जायचंय त्यानं तर ते आधी बघावं. निपाणी-चिकोडीच्या मुलांना कोल्हापूर बेळगावपेक्षा लांब नाही. पण केवळ मराठी राज्य म्हणून कुठल्याही कॉलेजात मूल घालू नये, आणि केवळ घराजवळ म्हणूनही नाही. कर्नाटकात राहिलं तर कन्नडचं काय, ही भीती मी पालकांकडून ऐकतो. शिकवणं इंग्रजीतूनच होतं, आणि कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' नावाचा सोपा अभ्यासक्रम व्हीटीयूनंच ठेवलेला आहे. आपली मुलं शाळेत कन्नड शिकलेली असतात, त्यांना तो जड जाण्याचं कारण नाही.

मुलींच्या बाबतीत घरातून निघणारा पहिला शब्द 'लांब' हा असतो. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब मांडून दाखवावा. कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसनं बायकामुलींना तिकीट नाही. गावातून उद्यमबागेला रोज ये-जा केली तर हॉस्टेलचा आणि जेवणाचा खर्च वाचतो. तो चार वर्षांत केवढा होतो ते फळ्यावर मांडा. आणि ज्या मुलीचा रँक सांगलीचा किंवा सुरतकलचा आहे, तिच्या बापाला तेवढ्याच स्पष्टपणे सांगा की तिथं मुलींचं हॉस्टेल आहे, एकदा जाऊन बघून या. आपण सांगितलेलं ते ऐकतात. मी सांगितलेलं ऐकतीलच असं नाही.

ऑप्शन भरताना होणारी एक चूक तर दरवर्षी होते. आपला रँक कमी आहे म्हणून आवडतं कॉलेज यादीत लिहीतच नाहीत, किंवा 'वर लिहिलं तर खालचं जाईल' म्हणून मिळण्यासारखं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकतात. संगणक त्या यादीत वरून खाली येतो आणि रँकप्रमाणे जी पहिली जागा मोकळी सापडते ती देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालची जागा कुठंही जात नाही. जागा मिळाल्यावर केईएत चॉइस वन म्हणजे हीच घेतली, टू म्हणजे ही हातात ठेवून वरच्यासाठी थांबतो, थ्री म्हणजे ही सोडून पुढच्या फेरीत जातो, फोर म्हणजे बाहेर. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं टूच्या जागी थ्री दाबलं आणि हातातली जागा गेली. महाराष्ट्राच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, म्हणून तिथं पहिलं नाव फार विचारानं लिहायचं.

जे मूल दहावीनंतर डिप्लोमाला जातं त्याच्याकडं कमीपणानं बघू नका, एवढीही विनंती आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी ही कर्नाटकची डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा दिली की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याला हातानं काम करायला आवडतं आणि ज्याच्या घरी लवकर पगार यायला हवा, त्याला ही वाट जास्त मानवते. आमच्या कारखान्यातले दोन चांगले डिझाइन इंजिनिअर याच वाटेनं आलेले आहेत.

शेवटी आपल्या फळ्याबद्दल. आपली मुलं पहिल्या पीयूसीला गळपटतात ती अभ्यासानं नाही, शब्दांनी. ज्या मुलानं आपल्या वर्गात त्वरणाची गणितं पटापट सोडवली, तो कॉलेजात 'ॲक्सलरेशन' ऐकून मागच्या बाकावर जाऊन बसतो, आणि दोन महिने त्याला पत्ताच नसतो की हे आपलं त्वरणच आहे. मी स्वतः असा बसलो होतो. संवेग म्हणजे मोमेंटम, घर्षण म्हणजे फ्रिक्शन, मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट. मराठीत शिकवताना नववी-दहावीला शेजारी इंग्रजी शब्दही फळ्यावर लिहिला आणि मुलांकडून वहीत लिहून घेतला, तर त्यांचा पाया मराठीत पक्का राहील आणि वरच्या मजल्यावर जाताना जिना मोडणार नाही. काही शाळांत हे होतंही. सगळ्या शाळांत व्हावं, असं मनापासून वाटतं.

माझी मागणी एकच आहे. दरवर्षी जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, एका शनिवारी शाळा सुटल्यावर दहावीच्या मुलांच्या आईवडिलांना तासभर थांबवा. दोघांनाही बोलवा, एकट्या बापाला नको. शाळेतून सायन्सला गेलेल्या मागच्या दोन वर्षांच्या मुलांनाही निरोप द्या, कारण एमएचटी-सीईटीचे अर्ज त्याच सुमारास भरायचे असतात. दोन्ही राज्यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून समोर ठेवूनच बोलायचं, मागच्या वर्षीच्या आठवणीवर नाही.

मी यायला तयार आहे. उद्यमबागेत काम करणारे आपले माजी विद्यार्थी आणखी सात-आठ जण तयार आहेत, कुणी बेळगावात शिकलेले, कुणी कराडला, एक जण सुरतकलला. उद्यमबागेत आपल्या प्रत्येक गावचं कुणी ना कुणी कामाला आहे, त्यांच्याकडं निरोप दिला तरी तो पोचतो. त्या रात्री पिशवीत दाखले घेऊन आलेली मुलगी आता बेळगावातच मेकॅनिकलला आहे. क्रम आम्ही त्या रात्री साडेअकरापर्यंत बसून नव्यानं लावला होता, आणि दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेली जागा तिला मिळाली. वालचंदचं तिनं परत कधी काढलं नाही. मी शाळांत जायचं म्हणतोय हे कळल्यावर तिचाच फोन आला, "मी पण येते, सर. पोरींना मी सांगते." आपण दिवस कळवा.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी, मराठी माध्यम
उद्यमबाग, बेळगाव